लीडऑफची वही: ओतानी पहिला, पण त्याच्या आधी नववा कोण?

नोव्हेंबर २०२५

मोसम संपला, वह्या भरल्या. आता हिवाळाभर हिशेब.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मी पुण्यात बसून डॉजर्स या लॉस एंजेलिसच्या बेसबॉल संघाचे सामने कागदावर स्कोअर करतो. लॉस एंजेलिसमधला रात्रीचा सामना आपल्याकडे सकाळी पावणेआठच्या आसपास सुरू होतो. पहिल्या दोन-तीन इनिंग थेट बघून होतात, उरलेल्या संध्याकाळी रेकॉर्डिंगवर, आणि दिवसभर फोनवरचा स्कोअर नजरेला पडू नये म्हणून जी कसरत करावी लागते ती तुम्हाला सांगायला नको. या मोसमात वहीच्या डाव्या समासात मी एक जादा रकाना आखला. पहिल्या क्रमांकाचा बॅटर प्लेटवर (बॅटिंगच्या जागी) आला तेव्हा इनिंगची सुरुवात होत होती का, बेसवर (धावेच्या वाटेवरच्या तीन थांब्यांवर) कोण होतं, आणि त्याच्या आधीच्या नवव्यानं काय केलं, एवढ्या तीनच गोष्टी त्यात लिहायच्या.

या खटाटोपाचं कारण माझा मावसभाऊ. तो आयटीसाठी कॅलिफोर्नियात गेला आणि डॉजर्सचा झाला. त्याचं पक्कं मत आहे की डॉजर्सचं लीडऑफ, म्हणजे पहिल्या क्रमांकाची बॅटिंग, मूकी बेट्सनंच करावी आणि शोहेई ओतानीला दुसरा किंवा तिसरा ठेवावा. माझं मत उलट. हा वाद आमच्यात २०२४ पासून सुरू आहे.

२०२४ चा मोसम सोलमध्ये सुरू झाला तेव्हा क्रम होता बेट्स, ओतानी, फ्रीमन. तो बरोबरही होता. २०२३ मध्ये बेट्सनं ३९ होमरन (थेट कुंपणापार फटके) मारले आणि १०७ आरबीआय (आपल्या बॅटिंगवर संघाला मिळवून दिलेल्या धावा) काढले, त्यातले जवळजवळ सगळे पहिल्या क्रमांकावरून. लीडऑफवर उभं राहून एका मोसमात तेवढे आरबीआय त्याआधी कुणीच काढले नव्हते. मग १६ जून २०२४ ला रॉयल्सविरुद्ध एक चेंडू बेट्सच्या डाव्या हातावर बसला, हाड मोडलं, आणि मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सनं ओतानीला वर सरकवलं. ऑगस्टमध्ये बेट्स परतला तो दुसऱ्या क्रमांकावर. ओतानी पहिलाच राहिला. त्या मोसमात त्याचे ५४ होमरन आणि ५९ चोरलेले (फटक्याशिवाय धावून गाठलेले) बेस झाले. १९ सप्टेंबरला मायामीत तर सहापैकी सहा हिट, तीन होमरन, दोन चोऱ्या आणि दहा आरबीआय, तेही लीडऑफवरून.

मला वाटलं, वाद मिटला. पण २०२५ चे आकडे बघून भाऊ पुन्हा सुरू झाला.

"दादा, पंचावन्न होमरन आणि आरबीआय फक्त एकशे दोन! रिकाम्या बेसवर वाया घालवताय तुम्ही लोक त्याला." (तुम्ही लोक म्हणजे मी आणि डेव्ह रॉबर्ट्स.)

पुराव्याला त्याच्याकडे काइल श्वार्बर आहे, आणि तो पुरावा लेचापेचा नाही. २०२४ मध्ये श्वार्बर फिलीजचा (फिलाडेल्फियाच्या संघाचा) लीडऑफ होता. सामन्याची पहिलीच पाळी (बॅटिंगची एक संधी) खेळताना त्यानं मोसमात १५ होमरन मारले आणि सोरियानोचा १३ चा विक्रम मोडला. २०२५ मध्ये फिलीजनं पहिल्या क्रमांकाचं काम बहुतांशी ट्रे टर्नरकडे दिलं आणि श्वार्बरला खाली आणलं. टर्नर .३०४ च्या सरासरीनं नॅशनल लीगमध्ये पहिला आला, आणि श्वार्बरचे झाले ५६ होमरन, १३२ आरबीआय. म्हणजे ओतानीपेक्षा एक होमरन जास्त आणि आरबीआय तीस जास्त.

यावर माझं म्हणणं असं की ते तीस आरबीआय श्वार्बरच्या बॅटइतकेच टर्नरच्या पायांतून आलेले आहेत. आणि ओतानीच्या नावावर त्याच मोसमात १४६ धावा आहेत, त्या तो का मोजत नाही? पण असं बोलून वाद संपत नाही, म्हणून मोजायला बसलो.

डिसेंबर

आधी कागदावरचं गणित. सामना नऊपैकी कोणत्या क्रमांकाच्या बॅटरवर संपेल याची शक्यता साधारण सगळ्यांना सारखीच असते. म्हणून क्रमात एक पायरी खाली गेलं की दर नऊ सामन्यांमागे एक पाळी जाते. १६२ भागिले ९, म्हणजे मोसमाला अठरा पाळ्या. ओतानीला पहिल्यावरून चौथ्यावर नेलं तर चोपन्न पाळ्या गेल्या, आणि त्या संघातल्या त्याच्यापेक्षा कमी प्रतीच्या बॅटरांच्या वाट्याला आल्या. या पाळ्या जातात त्याही बहुतेक सामन्याच्या शेवटाला, जेव्हा एका धावेनं मागे असताना प्लेटवर कोण हवा हे विचारायचीही गरज नसते.

हा मुद्दा आपल्याला क्रिकेटमधून ठाऊकच आहे. २७ मार्च १९९४ ला ऑकलंडमध्ये सिद्धूची मान आखडली आणि सचिन सलामीला गेला: ४९ चेंडूंत ८२. सगळ्यात चांगल्या बॅट्समनला सगळ्यात जास्त चेंडू मिळू द्या, यात न पटण्यासारखं काय आहे? त्यानंतर त्याला खाली खेळवा म्हणणारे होतेच, तसे लोक बेसबॉलमध्ये आजही भेटतात.

फरक एवढाच की क्रिकेटमध्ये सलामीवीर बाद झाला की विषय संपला. इथं क्रम फिरत राहतो. लीडऑफ हा खात्रीनं लीडऑफ असतो तो सामन्यात एकदाच. ओतानीच्या २०२४ मध्ये १५९ सामन्यांत ७३१ पाळ्या झाल्या, म्हणजे सामन्याला ४.६. लीडऑफला असताना त्यातली पहिली रिकाम्या बेसवर, हे ठरलेलंच. उरलेल्या साडेतीन पाळ्यांत इनिंगची सुरुवात त्याच्या वाट्याला चार-पाचातून एकदा येते. बाकी सगळ्या वेळी त्याच्या पुढ्यात काय वाढून ठेवलंय ते सात, आठ, नऊ क्रमांकवाले ठरवतात. वहीतला जादा रकाना पानामागून पान हेच सांगतो. ओतानीच्या होमरनवर दोन-तीन धावा आल्या ते दिवस पाहा, डावीकडे नवव्याच्या चौकोनात वॉक (चार खराब चेंडूंवर फुकट मिळालेला पहिला बेस) किंवा सिंगल (एका बेसचा फटका) लिहिलेला असतो.

आता सिम्युलेशनची प्रगती, म्हणजे वेगवेगळे क्रम घेऊन कॉम्प्युटरवर खोटे मोसम चालवून बघणं. एक्सेलमध्ये सुरुवात केली होती, ते फार कुंथायला लागलं, म्हणून सगळं पायथनमध्ये नेलं. प्रत्येक बॅटरला सहा शक्यता: आउट, वॉक, सिंगल, डबल, ट्रिपल, होमरन. सिंगलवर दुसऱ्या बेसवरचा धावपटू साठ टक्के वेळा घरी येतो असं धरलंय. डबल प्ले (एका चेंडूवर दोन आउट) आहे. बेस चोरणं अजून घातलेलं नाही, पुढच्या आवृत्तीत येईल.

ज्यांना असं काही करून बघायचंय त्यांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. एका संघाच्या सामन्यातल्या धावा सरासरीच्या आजूबाजूला तीनेकनं हलतात. म्हणजे १६२ सामन्यांच्या अख्ख्या मोसमात ही हालचाल अडतीस-चाळीस धावांची. आणि आपण शोधतोय तो फरक किती? ओतानी पहिला की दुसरा, याचा परिणाम मोसमाला जेमतेम काही धावा. दहा धावा म्हणजे साधारण एक विजय, त्यामुळे तोही क्षुल्लक नाही, पण शंभर-दोनशे मोसम चालवून तो दिसणार नाही. हजार मोसमांनी अनिश्चितता एक-सव्वा धावेवर येते. मी त्याहून बरेच जास्त चालवले, लॅपटॉप रात्रभर सुरू ठेवून. घरच्यांना वाटलं मी बिटकॉइन काढतोय.

निकाल असा: ओतानी-बेट्स आणि बेट्स-ओतानी या जोड्यांत ओतानी पहिला हे किंचित बरं. मग २०२५ च्या आकड्यांवर डॉजर्सचा कॅचर (इथला विकेटकीपर) विल स्मिथला पुढे आणलं. त्याचं ऑन-बेस (बेसवर पोचण्याचं प्रमाण) .४०४, ओतानीचं .३९२, बेट्सचं .३२६. निव्वळ बेसवर पोचण्याचं बघितलं तर लीडऑफ कॅचरनं करायला हवं! स्मिथ पहिला, ओतानी दुसरा हा क्रम चालवला आणि ओतानी-स्मिथशी ताडून पाहिला. फरक अनिश्चिततेत बुडाला, निदान माझ्या कोडला तरी तो दिसत नाही. पण बेट्सला वरच्या दोघांतून काढून स्मिथला आत घेतलं की धावा नक्की वाढतात.

इथं जुन्या मंडळींशी दोन शब्द. लीडऑफ म्हणजे चपळ माणूस, ही समजूत व्हिन्स कोलमनसारख्यांनी रुजवली. १९८६ मध्ये कार्डिनल्सकडून त्यानं १०७ बेस चोरले. पण सरासरी .२३२ आणि ऑन-बेस .३०१. पहिला बेस काही चोरता येत नाही. श्वार्बरची २०२३ ची सरासरी .१९७ होती आणि लीडऑफला हा माणूस बघून लोक हसत होते. त्याला १२६ वॉक मिळाले होते, ऑन-बेस .३४३. मला विचाराल तर श्वार्बर. आणि दोन्ही एकत्र हवं असेल तर रिकी हेंडरसन: १,४०६ चोरलेले बेस, २,१९० वॉक, २,२९५ धावा, सामन्याच्या पहिल्याच पाळीचे ८१ होमरन, कारकिर्दीचं ऑन-बेस .४०१. तो २० डिसेंबर २०२४ ला गेला. त्याच्याबद्दल हा वाद कधी कुणी घातला असेल असं वाटत नाही.

डिसेंबर, महिनाअखेर

ब्लू जेजविरुद्धच्या वर्ल्ड सिरीजची (२०२५ च्या अंतिम मालिकेची) पानं पुन्हा वाचली. तिसरा सामना स्कोअर करताना माझी वही संपली होती. नेहमीच्या नऊऐवजी अठरा इनिंग, सहा तास एकोणचाळीस मिनिटं. आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू झाला आणि फ्रीमनच्या होमरननं संपला तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. ओतानी नऊ वेळा प्लेटवर आला आणि नऊही वेळा बेसवर पोचला: दोन डबल, दोन होमरन, पाच वॉक. त्यातले चार मुद्दाम दिलेले. नवव्या इनिंगमध्ये तर बेस रिकामे, स्कोअर बरोबरीत, आणि तरी ब्लू जेजनं त्याला हात दाखवून पहिल्या बेसवर पाठवलं.

आता सांगा, इथं लीडऑफ कोण याला काही अर्थ उरतो का? प्रतिस्पर्ध्यानं ओतानीला खेळवायचंच नाही असं ठरवल्यावर प्रश्न एवढाच की त्याच्या मागं कोण उभा आहे. त्या दिवशी मागं बेट्स होता, आणि त्याची बॅट चालत नव्हती. पुढे रॉबर्ट्सनं स्मिथला दुसऱ्यावर आणलं आणि बेट्सला खाली नेलं. मला हा निर्णय सिम्युलेशनच्या आधी पटला होता, आता तर फारच पटलाय.

सातव्या सामन्याचं पान मी फ्रेम करून ठेवणार आहे. नवव्या इनिंगमध्ये एक आउट, डॉजर्स एका धावेनं मागं, आणि नवव्या क्रमांकाचा मिगेल रोहास होमरन मारतो. चार-चार. अकराव्यात रोहास आउट, ओतानी आउट, आणि दोन आउटवर दुसऱ्या क्रमांकाचा स्मिथ होमरन. पाच-चार, विजेतेपद. भावाला मी त्या पानाचा फोटो पाठवला. बरोबरी नवव्यानं केली, सामना दुसऱ्यानं काढला, आणि आपण दोन वर्षं भांडलो ते मधल्याच्या, म्हणजे पहिल्याच्या, जागेवरून. त्यानं फक्त अंगठा पाठवला.

एक मुद्दा मात्र तो बिनतोड मांडतो: पिचिंगच्या दिवसाचा, कारण ओतानी बॅटिंगबरोबर पिचिंगही (चेंडू टाकण्याचं काम) करतो. घरच्या मैदानावर पाहुणा संघ आधी बॅटिंग करतो. ओतानी स्वतः पिचर असेल तर पहिली इनिंग टाकून उतरायचं, ग्लव्ह ठेवायचा, कोपराचं कवच, हेल्मेट, आणि थेट प्लेटवर. दम खायलाही वेळ नाही. त्या दिवशी तरी त्याला एक पायरी खाली ठेवा, पाच मिनिटं मिळतील, असं भावाचं म्हणणं. जुलै २०२५ मध्ये रॉबर्ट्सनं बेट्सला पुन्हा पहिला आणि ओतानीला दुसरा करून काही दिवस खेळवलंही. मला हे पटतं, आणि मग ऑक्टोबरची १७ तारीख आठवते. वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या मालिकेतला ब्रुअर्सविरुद्धचा चौथा सामना, घरचं मैदान. ओतानीनं पहिल्या बॅटरला वॉक दिला, पुढचे तिघं स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले, उतरला, हेल्मेट घातलं आणि लीडऑफ होमरन मारला. सामन्यात एकूण तीन होमरन आणि दहा स्ट्राइकआउट. एका सामन्यावरून नियम काढू नये हे मलाही कळतं. पण पिचिंगच्या दिवसांचं वेगळं पान काढायचंय, ते काम जानेवारीत.

पुढचं काम

सिम्युलेशनमध्ये बेस चोरणं घालायचं आहे. २०२४ मध्ये ओतानी ६३ प्रयत्नांत चारदाच सापडला होता, तेव्हा त्या वर्षीच्या आकड्यांवर पहिल्या क्रमांकाचं पारडं आणखी जड व्हावं. पण त्याच्या मागं फ्रीमनसारखा सतत डबल मारणारा असेल तर चोरीची किंमत घटते, कारण डबलवर तो पहिल्या बेसवरूनही बऱ्याचदा घरी येतोच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालवून बघायच्या.

मुख्य चाचणी नवव्या क्रमांकाची. सगळ्यात कच्चा बॅटर आठवा आणि बेसवर पोचणारा एखादा नववा, विरुद्ध नेहमीचा उतरता क्रम. कच्च्या माणसाला अठरा पाळ्या जास्त द्याव्या लागतील, ही त्याची किंमत. ओतानीच्या पुढ्यात माणसं जास्त असतील, हा फायदा. कोणतं भारी पडतं ते मला अंदाजानं सांगता येत नाही, म्हणूनच त्यात मजा आहे.

आणि एक विनंती. मुद्दाम दिलेला वॉक आणि साधा वॉक वहीत वेगळे कसे दाखवता? मी सध्या चौकोनात 'मु' लिहितो. तिसऱ्या सामन्याच्या पानावर एकाच ओळीत चार 'मु' आले, पण रिकाम्या बेसवरचे कोणते आणि धावपटू असतानाचे कोणते ते आता कळत नाही, आणि त्या पानाचं रेकॉर्डिंग पुन्हा सहा तास बघायची माझी तयारी नाही. कुणाकडे त्या सामन्याचं स्वच्छ पान असेल तर फोटो टाका.