सुरूर ते पोलादपूर

शनिवार, रात्री

सकाळी सातला सुरूरला पुणे-बंगळूर महामार्ग सोडला. पोलादपूरला मुंबई-गोवा लागला तेव्हा दुपार टळून गेली होती. अंतर ८० किलोमीटरच्या आसपास. एवढा वेळ लागत नाही खरं तर, पण मी दर वळणाला गाडी कडेला घेत होतो.

नकाशावर हा साधा राज्यमार्ग. माझ्या लेखी मात्र तीन नद्यांचा रस्ता. वाईला कृष्णा. पसरणीचा घाट चढून पाचगणी, महाबळेश्वर आणि पलीकडे उतरलं की वाडा कुंभरोशीपाशी कोयनेचं खोरं. प्रतापगडाचा फाटा मागे टाकून आंबेनळी घाटात शिरलं की सावित्री. तिघी उगमाला शेजारणी. कृष्णा-कोयना कराडला भेटून पूर्वेच्या समुद्राकडे निघतात, सावित्री मात्र पश्चिमेला बाणकोटकडे तोंड फिरवते. घाटमाथ्यावर मी छत्री झटकली. ते पाणी कुठल्या समुद्राच्या वाट्याला गेलं, देव जाणे.

वाट जुनीच. १६५९ साली वाईला तळ देऊन बसलेला अफझलखान रडतोंडीच्या घाटाने प्रतापगडाखालच्या पार गावी उतरला तो याच बाजूने. नाव कुणी ठेवलं असेल ते असो, चढताना तोंड रडवेलं होणारच. डांबरी रस्ता त्या वाटेवरून जात नाही, पण जोडतो तोच मुलूख. पुढे १८२९ मध्ये गव्हर्नर माल्कमने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वर घेतलं, बदल्यात खंडाळा गाव दिलं. मुंबईचे साहेब तेव्हा समुद्रमार्गे बाणकोटच्या खाडीतून आत येत आणि मेण्यात बसून घाट चढत. मेणा कुणाच्या खांद्यावर होता, ते आज वाटेतल्या एकाही पाटीवर नाही. नंतर गाडीरस्ता झाला आणि घाटाला गव्हर्नर फिट्झगेराल्डचं नाव मिळालं. लोकांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. आंबेनळी ती आंबेनळीच.

उतारावर अर्ध्या वाटेत दोघे जण मोरी मोकळी करत होते. काळ्या दगडाची जुनी मोरी, तोंडात माती, मुळ्या आणि एक भलामोठा धोंडा. एक जण पहार घालून धोंडा हलवत होता, दुसरा घमेल्याने गाळ काढत होता. मी पहारवाल्याला विचारलं, "मामा, रोजचंच का हे?" त्यांनी वर न बघताच सांगितलं, "पाण्याला वाट नाय दिली, तर ते रस्त्याची वाट लावतंय." २०२१च्या जुलैत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा हाच घाट जागोजागी खचून बंद पडला होता. एवढ्या पाण्यापुढे मोरी काय करणार म्हणा. तरी एरवीचा पाऊस हा रस्ता पचवतो तो या दगडी बिळांच्या जोरावर, असं माझं आपलं मत. उद्घाटनं रुंदीकरणाची होतात, गटार साफ केल्याचा नारळ कुणी फोडत नाही.

धोंडा निघाला तसा आधी चिखलाचा एक गोळा बाहेर पडला, मग तपकिरी पाणी, मग जरा वेळाने स्वच्छ. मामांनी पहार धुऊन घेतली. शेजारी राज्यमार्गाचा हिरव्या डोक्याचा दगड होता. रंग कुठे संपतो आणि शेवाळ कुठे सुरू होतं, कळत नव्हतं. 'पोला' एवढंच वाचता आलं.

आता मुक्कामी पत्र्यावर पाऊस वाढलाय. उद्या परत त्याच घाटाने वर जायचंय. ती मोरी वाहतेय का, ते बघायला थांबेन.