हॅश तोच, उत्तर वेगळं: ओपनब्लासचा गुंता सुटला

सापडलं एकदाचं! मागच्या नोंदीत जिथे अडकलो होतो ते आठवत असेल: स्पॅक या पॅकेज मॅनेजरची तीच लॉकफाइल (नेमक्या आवृत्त्यांची यादी), तोच हॅश (बिल्डची ओळखखूण), इनपुटही तेच, तरी जुन्या इंटेल प्रोसेसरच्या हॅसवेल नोडवर सॉल्व्हरचा रेसिड्युअल (उत्तरात उरलेली चूक) एक आणि त्यापेक्षा नव्या स्कायलेक-एक्स नोडवर दुसरा. फरक शेवटच्या अंकांतला. पण इटरेशन्स वाढल्या की तो हळूहळू वर सरकतो, आणि चेकपॉइंट फाइलचे (मधली स्थिती साठवणाऱ्या फाइलचे) चेकसम काही केल्या जुळत नाहीत.

आधी संशय बिल्डवर होता. दोन्ही नोड्सवर स्वतंत्र बिल्ड करून डिफोस्कोप (फाइल्समधले फरक दाखवणारं साधन) लावला. एचडीएफ५ या डेटा साठवणाऱ्या लायब्ररीत फरक निघाला, पण तो निरुपद्रवी होता: कॉन्फिगर केल्याची तारीख आणि यंत्राची माहिती ही लायब्ररी स्वतःतच साठवून ठेवते. ते पॅच करून काढलं. मग शंकेला जागाच नको म्हणून हॅसवेलवरचं बिल्ड बिल्ड-कॅशमधून दुसऱ्या नोडवर उतरवलं. आता बायनरी अगदी तीच. उत्तर तरीही वेगळं.

म्हणजे गडबड बिल्डनंतर होत होती. ओपनब्लास या मॅट्रिक्स-गणिताच्या लायब्ररीचा ‘व्हर्बोज’ (जास्त माहिती छापायला लावणारा) व्हेरिएबल २ केला आणि पुन्हा चालवलं. एका नोडवर ओळ आली ‘कोअर: हॅसवेल’, दुसऱ्यावर ‘कोअर: स्कायलेकएक्स’. या दोन ओळींनी सगळं उलगडलं. डायनॅमिक आर्किटेक्चर चालू असलं की ओपनब्लास अनेक प्रोसेसर्सचे कर्नल (गणिताची गाभ्याची रूटीन्स) एकाच लायब्ररीत भरतं आणि प्रोग्राम सुरू होताना सीपीयू बघून त्यातला एक निवडतं. हॅसवेल वापरतो त्या एव्हीएक्स२ सूचनांच्या रजिस्टरमध्ये चार डबल (६४-बिट दशांश संख्या) मावतात, स्कायलेक-एक्सच्या एव्हीएक्स-५१२ मध्ये आठ. बेरजेचे गट बदलले की राउंडिंग बदलतं, आणि डॉट प्रॉडक्टचा शेवटचा बिट हलतो. आमचा स्वतःचा कोड टार्गेट हॅसवेल ठेवूनच कंपाइल केलेला होता, पण या निवडीपुढे त्याचा काही उपयोग नव्हता.

दोन्हीकडे ओपनब्लासचा ‘कोअरटाइप’ (कर्नल ठरवणारा व्हेरिएबल) हॅसवेलवर बांधला, एक प्रोसेस, एक थ्रेड. दोन्ही चेकपॉइंट फाइल्स सीएमपी या तुलना करणाऱ्या कमांडला दिल्या. एक अक्षर न छापता प्रॉम्प्ट परत आला, म्हणजे फाइल्स तंतोतंत सारख्या. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

‘सगळं ॲप्टेनरच्या कंटेनर इमेजमध्ये टाक, प्रश्नच मिटेल’ असं सुचवणाऱ्यांना आता ठामपणे सांगतो, मिटत नाही. इमेज तीच राहते, पण सीपीयू इमेजच्या बाहेर असतो. या बाबतीत इंटेलच्या एमकेएल या गणिती लायब्ररीचं मला कौतुक वाटतं. कोणत्या इन्स्ट्रक्शन सेटच्या वाटेने जायचं हे बांधून टाकायला त्यात सीबीडब्ल्यूआर नावाची सोय मुद्दाम दिली आहे.

पुढचा बेत असा होता की कोअरटाइपची ओळ जॉब स्क्रिप्टमध्ये टाकायची आणि सगळा स्टॅक गिक्स या दुसऱ्या पॅकेज मॅनेजरवर न्यायचा. पण हे लिहितानाच लक्षात येतंय की जॉब स्क्रिप्टमधली ओळ हॅशमध्ये येत नाही. ती गळली तर उत्तर बदलेल आणि लॉकफाइलकडे बघून कुणालाही पत्ता लागणार नाही. त्यापेक्षा स्पॅकमध्येच ओपनब्लासचा डायनॅमिक डिस्पॅच व्हेरिएंट बंद करून टार्गेट हॅसवेल द्यावा. मग कर्नलची निवड बिल्डच्या वेळीच ठरते आणि थेट हॅशमध्ये उतरते. स्कायलेकवर एव्हीएक्स-५१२ चा वेग जाईल, म्हणून दोन एन्व्हायर्नमेंट ठेवेन: एक पडताळणीचं, एक वेगाचं.

गिक्सचं टाइम-मशीन मला मनापासून आवडतं. जुन्या कमिटवरून पॅकेजेसचा अख्खा ग्राफ ग्लिबसीसकट (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) पुन्हा उभा करता येतो. स्पॅक ग्लिबसी सहसा ओएसचीच वापरतं, तेव्हा तिथे गिक्स उजवं आहे. पण नेमका हा प्रश्न गिक्सनेही सुटला नसता. ग्लिबसीच्या लिबएम या गणिताच्या भागात एक्स्पोनेन्शियल, साइन वगैरेंच्या एफएमए (गुणाकार आणि बेरीज एकाच राउंडिंगमध्ये) आवृत्त्या आहेत, आणि त्याही प्रोग्राम चालताना सीपीयू बघूनच निवडल्या जातात. हॅसवेल आणि स्कायलेक दोघांकडे एफएमए आहे म्हणून इथे निभावलं. कोपऱ्यातला आयव्ही ब्रिज नोड मात्र पडताळणीतून बाहेर काढलाय, त्याच्याकडे एफएमए नाही.

राहिलं एमपीआय, म्हणजे प्रोसेसेसनी एकमेकांना संदेश पाठवायचं मानक. प्रोसेसेस वाढवल्या की ऑलरिड्यूसच्या (सगळ्या प्रोसेसेसचे आकडे एकत्र करणारी क्रिया) बेरजेचा क्रम बदलू शकतो. त्याच इनपुटला त्याच क्रमाने तेच उत्तर यावं अशी एमपीआय मानकात जोरदार शिफारस आहे, सक्ती नाही. ओपन एमपीआयचा ट्यून्ड कंपोनंट मेसेजचा आकार आणि प्रोसेसेसची संख्या बघून अल्गोरिदम ठरवतो. म्हणून रँक्सची (प्रोसेसेसची) संख्या कायम ठेवून, डायनॅमिक रूल्स चालू करून ऑलरिड्यूस रिकर्सिव्ह डबलिंग या एकाच अल्गोरिदमवर बांधणार आहे. नवीन ओपनब्लासचं बिल्ड आत्ता चालू आहे, ते झालं की हेच. रँक्स नोड्सवर वेगवेगळ्या पद्धतीने वाटूनही कुणाचे चेकसम जुळले असतील तर सेटिंग्ज नक्की कळवा.