स्पीकरची पेटी झाली, पण प्लायने रडवलं

बारा इंची गिटार स्पीकरची पेटी घरी करायला जेवढी मेहनत लागली, त्याहून जास्त एक धड प्लायचं शीट मिळवायला लागली. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून आधी तेच लिहितो.

माप साधं होतं. बाहेरून २० इंच रुंद, १८ उंच, ११ खोल, मागून बंद, प्लाय १८ एमएमचा. आठ बाय चारच्या शीटचा तिसरा हिस्साही लागत नाही. लातूरच्या एका मोठ्या दुकानात गेलो आणि एकच मागितलं : आत पोकळी नसलेला प्लाय. दुकानदारांनी शिक्का दाखवला. "आयएस ७१० आहे सर, मरीन. पाण्यात टाका, काही होत नाही." माझा प्रश्न पाण्याचा नव्हताच. कड बघितली तर ती रंगवलेली. रंगाखाली काय आहे ते कापल्याशिवाय दिसत नाही, आणि कापलं की शीट आपल्या गळ्यात. "एक कोपरा कापून दाखवा, त्याचे पैसे देतो," म्हणालो, तर "असं कुणी करत नाही सर, सगळं लातूर हाच प्लाय नेतंय." मग 'नवीन लॉट येऊ द्या' सुरू झालं. सोमवारी या. गाडी अडकली. मालक गावाला गेलेत. आणि दर खेपेला नव्याने, "कशाला लागायलंय एवढं?" शेवटी लॉट आला, तोही तसाच.

कपाटाला अशी पोकळी खपून जाते. स्पीकरच्या पेटीत मात्र सुराबरोबर फळ्या थरथरतात. थरांमध्ये जागा असेल तर तिथला पातळ पापुद्रा फडफडतो, आणि गिटारच्या सगळ्यात जाड, खर्जाच्या ई तारेवर, म्हणजे ८२ हर्ट्झच्या आसपास, झर्र असा आवाज येतो. माणूस मग स्पीकर बदलत बसतो.

सुटका केली डीजेचे बॉक्स बनवणाऱ्या एका मिस्त्रींनी. "शीट उभं करा अन् बोटाच्या पेरानं वाजवीत जा. आवाज जिथं बदलायलाय, तिथं पोकळ हाय." त्यांच्याकडे आधीच कापलेलं अर्धं शीट पडून होतं. कड उघडी, थर सलग, कुठे फट नाही. तेवढं मला पुरून उरलं. तुम्हीही दुकानाआधी अशाच मिस्त्रींकडे जा. कापलेला तुकडा काही लपवू शकत नाही.

पुढचं भराभर झालं. सांध्यांना फेविकॉल आणि स्क्रू, आतल्या कोपऱ्यांत लाकडी पट्ट्या. स्पीकरचं भोक ११ इंच १ सूत. तरी आपला स्पीकर हातात आल्यावर मोजूनच कापा, फ्रेम सगळ्यांची सारखी नसते. रेक्झिन गाडीच्या सीटा शिवणाऱ्यांकडे छान मिळालं. ते चिकटवायचं काम सकाळीच उरका, दुपारच्या उन्हात सोल्युशन ब्रशवरच वाळतं.

आतली वायर जाड, दोन पदरी स्पीकरचीच घ्या, गिटारची केबल नको. प्लस-मायनस कळत नसेल तर ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवा. प्लसला प्लस लागला की स्पीकरचा कोन, म्हणजे पुढचा पडदा, बाहेर येतो. ८ ओहमचा स्पीकर अँपच्या (ॲम्प्लिफायरच्या) ८ ओहमच्याच सॉकेटला. पुढे तसलाच दुसरा समांतर जोडलात तर ते ४ होतात. आणि व्हॉल्व्हचा अँप स्पीकर जोडल्याशिवाय कधीच वाजवू नका.

पेटी पूर्ण झाल्यावर आधी ती जाड ई तारच छेडली, मुद्दाम मोठ्या आवाजात. कुठे झर्र नाही. मिस्त्रींना बोलावून ऐकवली, ते दोन्ही हात पेटीवर ठेवून ऐकत होते.

एक सांगायचं राहिलं : मागची फळी फेविकॉलने चिकटवू नका, नुसत्या स्क्रूवर ठेवा. वायर निघाली तर आत हात जातो, आणि कधी अर्धी फळी लावून वाजवावंसं वाटलं तर तीही सोय राहते. तसं वाजवलं की खर्जाचा ठोसा कमी होतो आणि आवाज मागूनही खोलीत पसरतो.