धूर गेला, मॅडम खूश नाहीत

स्कॅनरवर बिघाडाचा एकही कोड नव्हता. वाईतल्या दोन मेकॅनिकांनी त्याच जोरावर 'गाडी ओके आहे' म्हणून परत पाठवली होती. आणि इकडे गाडी पीयूसीला नापास, मागचा बंपर काजळीने काळा, घाटात तिसऱ्या गिअरला पाय दाबला की इंजिनाचा आवाज चढतो पण स्पीड वाढत नाही, वर जळक्या क्लचचा वास. मॅडम राहायला वाईत, शाळा पाचगणीच्या अंगाला. म्हणजे रोज पसरणीचा घाट. त्यांचा भाचा आमच्या भोसरी एमआयडीसीत कामाला आहे, त्याने ओढून माझ्याकडे आणलं.

गाडी २०१५ ची स्विफ्ट डिझेल, एमएच १४, आदल्या वर्षी चिंचवडच्या एका पोराकडून घेतलेली. स्वच्छ, एक हाती वापरलेली, सर्व्हिसच्या पावत्या फाइलमध्ये लावलेल्या. घेताना कुठल्याशा ॲपवाल्यांकडून तपासणीही करून घेतली होती. रंगाची जाडी चारही बाजूंनी मोजलेली, सीटचे फोटो सोळा. हे लोक दरवाजाचा रबर ओढून बघतात, पण ईसीएममध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, काय भरलंय ते बघत नाहीत. बघायचं असतं हेच त्यांना ठाऊक नसतं.

माझं काम छोट्या गाड्यांची ताकद वाढवायचं: स्विफ्ट, पोलो, पुंटो, बलेनो आरएस. बाहेरच्यांना वाटतं दिवसभर टर्बो बसवत असेल. खरं तर बसवण्याइतकंच काम उतरवण्याचं असतं. लग्न ठरलं, बाबा ओरडले, गाडी विकायची आहे, की पोरं येतात. कोल्ड एअर इनटेक उतरवा, डाउनपाइप उतरवा, कॉइलओव्हर काढून जुन्या स्प्रिंगा घाला. उतरलेला माल ग्रुपवर टाकला की संध्याकाळपर्यंत विकला जातो. रिमॅप, म्हणजे ताकद वाढवायला ईसीएममध्ये टाकलेली बदललेली फाइल, मात्र पान्याने सुटत नाही आणि विकताही येत नाही. मूळ फाइल परत टाकायची तर ट्यूनर पुन्हा पैसे मागतो. मग ती गाडीतच राहते आणि गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जाते. पुढचा मालक कधी कॉलेजचा पोरगा असतो, कधी मराठी शिकवणाऱ्या मॅडम.

संशय मला बॉनेट उघडल्यावर आला. फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, वायरिंगच्या रबरी ग्रॉमेटशेजारी बोटाएवढं भोक होतं, ते एम-सीलने बुजवून वरून काळा रंग मारलेला. टर्बोचा दाब दाखवणाऱ्या बूस्ट गेजची नळी आत न्यायला पोरं असंच भोक पाडतात. मग ए-पिलरचं, म्हणजे पुढच्या काचेशेजारच्या खांबाचं प्लास्टिक बघितलं, तर जिथे गेज चिकटवतात तिथे दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचा चिकटा अजून होता. टायर २०५/६० आर १६, आफ्टरमार्केट अलॉयवर. या मॉडेलला कंपनीकडून १६५/८० आर १४ किंवा १८५/६५ आर १५ येतं, दोन्हींचं चाक ६२ सेंटिमीटरच्या आसपास. हे भरतं ६५. स्पीडोमीटरवर ८० दिसतं तेव्हा गाडी ८४ ने पळत असते.

इतकं सापडल्यावर पुढचं कुठे शोधायचं ते आमच्या धंद्यातल्या कोणालाही कळतं. ईजीआर व्हॉल्व्हच्या, म्हणजे जळालेला थोडा वायू परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेच्या, जोडावर गॅस्केटच्या कडेतून स्टीलच्या पत्र्याची बारीक रेघ चमकत होती. ब्लँकिंग प्लेट. आतला रस्ताच बंद. पत्रा बाहेर दिसू नये म्हणून त्याचे कान कानशीने घासून घेतलेले. त्या कामात हात चांगला होता, हे कबूल करायला हवं. कॅटची, म्हणजे धुरातलं प्रदूषण कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची हीट शील्ड काढली तर डब्याच्या बाजूला चौकोनी वेल्डिंग. खिडकी कापली, आतली जाळी फोडून काढली, खिडकी परत वेल्ड केली, वर शील्ड चढवली. रबरी हातोडीने ठोकलं की रिकाम्या डब्याचा आवाज येतो. त्या जाळीवर प्लॅटिनमचा थर असतो, म्हणून भंगारवाले तिला चांगला भाव देतात. तो भावही कोणाच्या तरी खिशात गेला असणारच.

आता कोड का येत नव्हता ते कळलं. ईजीआर बंद झाला की ईसीएमला तो प्रवाह मिळत नाही आणि चेक इंजिनचा दिवा लागायला हवा. दिवा लागू नये म्हणून फाइलमध्ये तो कोडच मारून टाकलेला असतो. स्कॅनर बिचारा विचारतो, ईसीएम सांगतं सगळं छान आहे.

फाइल वाचायची म्हणजे आधी बॅटरीला स्टॅबिलायझर लावायचा. लिहिताना व्होल्टेज पडलं तर ईसीएमची वीट होते, म्हणजे ते कायमचं मरतं, म्हणून वाचतानाही ती सवय मी सोडत नाही. स्विफ्ट डिझेलचं ईसीएम मरेलीचं. त्याच सॉफ्टवेअर नंबरची मूळ फाइल माझ्या संग्रहात होती. दोन्ही शेजारी ठेवल्या आणि अक्षयला, म्हणजे माझ्या हाताखालच्या पोराला, बोलावलं. म्हटलं बघ, कसं काम करू नये ते.

हे जरा सविस्तर सांगतो. फियाटचं हे १२४८ सीसीचं मल्टीजेट स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा, पुंटो, सगळ्यांत असायचं. लोक त्याला 'नॅशनल इंजिन' म्हणायचे. आपल्या रांजणगावातही ते बनलं. स्विफ्टमध्ये ७५ एचपी आणि १९० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढ. गुणी इंजिन, खोड एकच: टर्बो साध्या जातीचा, त्यामुळे दोन हजार आरपीएमच्या खाली गाडी झोपलेली असते आणि मग एकदम उठते. चांगला ट्यूनर नेमकं तिथे काम करतो. दीड ते अडीच हजारांच्या पट्ट्यात टॉर्क हळूहळू वाढवत नेतो, क्लचला झेपेल तिथे थांबतो आणि वरच्या आरपीएमला हात आखडता घेतो, कारण तिथे एक्झॉस्टचं तापमान टर्बोला खातं. हवा किती आली त्यावर डिझेल किती सोडायचं याची मर्यादा ठरवणारा एक तक्ता असतो, स्मोक लिमिटर. त्याला तर फार जपून हात लावायचा.

इथे काय केलं होतं? स्मोक लिमिटरच्या झाडून सगळ्या खान्यांत सरसकट पंचवीस टक्के वाढ. हजार आरपीएमला पंचवीस, चार हजारला पंचवीस. टॉर्क लिमिटर तर शेवटच्या आकड्यापर्यंत उघडा. डिझेल भरमसाट, तेवढी हवा नाही, मग काळा धूर. यांच्या गिऱ्हाइकांना धूर दिसला की ताकद आल्यासारखं वाटतं, म्हणून ही फाइल खपते. लॅपटॉप आणि केबल घेतली की ट्यूनर झाला. अशा पोरांनी आमच्या धंद्याचं नाव घालवलं आहे आणि ते माझ्यापेक्षा स्वस्तात काम करतात हा राग वेगळाच.

मॅडमना सगळं दाखवलं. त्यांनी पत्रा हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि तिथल्या तिथे जुन्या मालकाला फोन लावला, स्पीकरवर.

"काकू, गाडी फुल स्टॉक आहे. सगळे पार्ट मी काढूनच दिले."

"अरे बाळा, मग हा पत्रा कसला?"

"अच्छा, ईजीआर? तो तर चांगला असतो काकू, इंजिन आतून स्वच्छ राहतं. आणि स्टेज वन तुम्हाला फ्रीमध्ये मिळालं, लोक पैसे देऊन करतात."

स्टेज वन म्हणजे रिमॅपची पहिली पायरी. पोराच्या आवाजात लबाडी नव्हती. त्याला खरंच वाटत होतं की त्याने मॅडमना वरकड काहीतरी दिलंय. ईजीआरबद्दलही तो शंभर टक्के खोटं बोलत नव्हता; या इंजिनाच्या हवा आत नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये ईजीआरमुळे काजळी साचते हे खरंच आहे. ती काढायला मॅनिफोल्ड खोलून धुवायचा असतो, इतकंच. मॅडमनी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि मला विचारलं, "किती होतील?"

नवा क्लच सेट, गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी, मॅनिफोल्ड धुणं, ईजीआर चालू, मूळ फाइल, नवा कॅट. कॅटचा आकडा ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला. टायर-अलॉय मूळ मापाचे करा, असं मी तेव्हाच सांगितलं होतं. ते पुढच्या दिवाळीवर गेलं. कॅट नको, नुसता धूर कमी करून पीयूसीपुरतं भागवा, असं भाचा हळूच म्हणाला. कॅटमध्ये मी तडजोड करत नाही. 'काढून द्या' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवतो, मग देखावा म्हणून नुसता रिकामा डबा ठेवून कसं चालेल? मॅडमनीच भाच्याला गप्प केलं. म्हणाल्या, "शाळेच्या फाटकात पोरांच्या तोंडावर तो धूर जातो."

काम झालं. पीयूसीत न्यूट्रलला ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतात आणि धुराची दाटी मोजतात. बीएस-४ (प्रदूषणाचा भारत स्टेज ४ नियम) डिझेलला मर्यादा १.६२. आधी ही गाडी तीनच्या वर होती, आता एकच्याही खाली. सर्टिफिकेट हातात घेऊन मॅडम वाईला गेल्या. मला कामाचं समाधान होतं.

काही आठवड्यांनी स्वतः चालवत परत आल्या. गाडी मेली म्हणाल्या.

मी पुन्हा स्कॅनर लावला, बूस्ट बघितला, नळ्या बघितल्या, मास एअरफ्लो सेन्सर बघितला. सगळं कंपनीच्या आकड्यांत. मग त्यांना शेजारी बसवून चालवायला निघालो, तर त्यांनीच स्टिअरिंग सोडलं नाही. "तुम्हाला सपाटीवर काय कळणार? पसरणीला हेअरपिन वळणावर दुसऱ्या गिअरला येते, समोरून एसटी उतरत असते, पाय दाबते आणि गाडी विचार करत बसते. आधी अशी नव्हती. आधी वळणातून उठायची."

आधी म्हणजे त्या पंचवीस टक्केवाल्या फाइलवर. घेतल्यापासून त्यांनी गाडी तीच चालवली होती. कंपनीची स्विफ्ट कशी चालते हे त्यांना माहीतच नव्हतं. ज्या फाइलवर मी अक्षयसमोर इतकं तोंडसुख घेतलं, तिने या बाईंना रोज घाटात एसटीसमोरून सुखरूप बाहेर काढलं होतं. क्लच जाळत, धूर ओकत, पण काढलं होतं. हे मला अजून पचलेलं नाही.

टायरचा विषय मी पुन्हा काढला. पाच टक्के मोठं चाक म्हणजे प्रत्येक गिअर पाच टक्के लांब. दोन हजारांच्या खाली आधीच झोपणाऱ्या इंजिनाला तेवढं पुरे होतं. यावेळी त्या तयार झाल्या. १५ इंची स्टीलच्या रिम जुन्या बाजारात मिळाल्या, टायर नवे घातले, अलॉय विकून निम्मे पैसे सुटले. फरक पडला. दोन दिवसांनी त्यांचा मेसेज: "सुधारणा आहे. पण पूर्वीसारखे नाही. धूर न येता तसे करता येते का? कळवावे."

करता येतं. ईजीआर चालू, कॅट जागेवर, स्मोक लिमिटरला न दुखवता दीड ते अडीच हजारांत थोडा टॉर्क दिला तर पीयूसीही पास होईल आणि वळणातून गाडीही उठेल. पण कायद्याला हा फरक दिसत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा गाडी वेगळी करायची नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत दंड आला: प्रत्येक बदलामागे पाच हजार, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्या पोराची फाइल आणि माझी फाइल या कलमापुढे सारखीच. माझा निम्मा धंदा या रेषेच्या अलीकडे-पलीकडे चालतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण माझी नेहमीची गिऱ्हाइकं हे जाणून येतात, अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर स्विफ्ट पळवायचं स्वप्न घेऊन येतात. मॅडमना मी फोनवर सगळं वाचून दाखवलं.

त्यांनी शिक्षिकेचा प्रश्न विचारला. "आमच्या सरांनी गाडीला सीएनजी किट लावलं, आरसीवर नोंद झाली. मग याची नोंद का नाही करत?"

जर्मनीत करतात. टीयूव्हीवाले गाडी तपासतात, बदल गाडीच्या कागदावर चढतो, मालक निर्धास्त. आपल्याकडे एआरएआय पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. कंपन्यांची मॉडेलं तिथे तपासली जातात. पण माझ्यासारख्याने एक गाडी आणि एक फाइल घेऊन जावं, फी भरावी, धूर मोजून घ्यावा आणि कागद आणावा अशी खिडकी नाही. ती असती तर पंचवीस टक्केवाले कधीच बाजारातून उठले असते आणि आम्हाला चारचौघांत धंदा सांगता आला असता.

फाइल मी बनवून ठेवली आहे. गाडीत टाकलेली नाही. अक्षयचं म्हणणं, टाकून द्या, कोण बघतंय. मॅडमचं म्हणणं वेगळं: आधी इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळवायचं, त्यांचा होकार आला तरच. त्याप्रमाणे त्यांनी एजंटला फोन करून 'गाडीचं रिमॅपिंग करायचं आहे, पॉलिसीत लिहून घ्या' असं सांगितलं. त्याने विचारलं, कोणता कलर करताय?