सव्वा इंचाचं भोक

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात चिमण्यांना कधी बोलवावं लागलं नाही. तुळईच्या खोबणीत, देवांच्या तसबिरींमागे त्यांची घरटी ठरलेली, आणि ताटात काडी पडली की आजीची कुरकुरही ठरलेली. ते घर पाडलं. सुदामा नगरातल्या नव्या घराच्या भिंतींना बोट शिरेल एवढीही फट नाही.

म्हणून एका प्रदर्शनातून मी लाकडी घरटं आणलं. लाल-पिवळं रंगवलेलं, पुढे बसायला दांडी, वर टांगायला तार. जेवणाच्या टेबलावरून दिसावं म्हणून पश्चिमेच्या भिंतीला लावलं. आधी साळुंक्या येऊन भांडून गेल्या. मग खारूताईने आमच्या गादीतला कापूस त्यात नेऊन भरला. चिमणी एकदाही आत शिरली नाही. मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमाराला मी आत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. भट्टीच! आई म्हणाली, "चहा पिताना तुला दिसावं म्हणून टांगलंस ना ते? मग तूच जा राहायला."

दुसरं घरटं सुताराकडून करून घेतलं. तळ सहा इंच बाय सहा, उंची नऊ, पाऊण इंच जाडीचं लाकूड, आतून रंधा न मारलेलं, म्हणजे पिल्लांना नखं रोवून वर चढता येईल. तळाला पाणी निथळायला चार बारीक भोकं. झाकण बिजागरीचं, कारण वर्षातून एकदा साफ करावं लागतं. दांडी नको म्हटलं. चिमणीला ती लागत नाही, उलट कावळ्याची सोय होते. आणि दाराचं भोक सव्वा इंच, म्हणजे ३२ मिलिमीटर. एवढ्यात चिमणी जाते, साळुंकी अडते.

सुतार हसला, "भिया, इत्ते से छेद में कौन जाएगा?"

डिसेंबरात ते पूर्वेच्या भिंतीवर, छज्जाखाली, दहा फुटांवर पक्कं ठोकलं. हलणारं घरटं त्यांना आवडत नाही, हे पहिल्या तारेने शिकवलं होतं. जानेवारी कोरडा गेला. फेब्रुवारीत एक नर छज्जावर बसून दिवसभर चिवचिवायला लागला, आणि आठवड्याभरात आमच्या केरसुणीच्या काड्या कमी व्हायला लागल्या.

मी बाजरी, तांदळाची कणी ठेवत होतो, पण ती मोठ्यांसाठी. पिल्लांना सुरुवातीला लागतात किडे, अळ्या. म्हणून वालाच्या वेलावर मावा दिसला तरी फवारणी केली नाही. आईला ते अजिबात पटलं नव्हतं, कारण शेंगा तिच्या होत्या. पण नर-मादी दोघंही त्या वेलावर चोची मारून सारखी आत-बाहेर करायला लागली, तेव्हा ती गप्प झाली.

उबवण्याच्या बारा-तेरा दिवसांत मी झाकणाला हात लावला नाही. पिल्लं निघाल्याचं आवाजावरून कळलं. मग एका सकाळी तुळशीपाशी एक पिल्लू पडलेलं दिसलं. पंख अर्धे फुटलेले, डोळे उघडे, चोचीच्या कडा पिवळ्या. मी वाकलो तोच आई आतून ओरडली, "शिवू नकोस! माणसाने शिवलेलं पिल्लू चिमण्या टाकतात." लहानपणी आम्हा सगळ्यांना हेच सांगितलेलं. पण खाली शेजाऱ्यांची मांजर फिरत होती. मी शिडी लावली, झाकण उघडलं, पिल्लू आत ठेवलं आणि दोघेही खिडकीआड उभे राहिलो. दहा मिनिटं मादी तारेवरून ओरडत राहिली. मग चोचीत काहीतरी हिरवं घेऊन सरळ आत गेली. आई काही बोलली नाही. मांजर हाकलायला मात्र काठी घेऊन तीच बाहेर गेली.

चार-पाच दिवसांनी तीन पिल्लं उडाली. तिसरं तेच होतं की नाही, कुणास ठाऊक.

दिवाळीनंतर घरटं साफ केलं. केरसुणीच्या काड्या, पिसं, राखीचा जरीचा धागा आणि आईच्या वातींचा कापूस निघाला. चिमण्यांना शेजार लागतो म्हणून याच भिंतीवर आणखी दोन घरटी हवी होती. सुताराकडे गेलो तर त्यानेच विचारलं, "वोई सवा इंच?"

एकात जोडी आली. दुसऱ्याच्या छपरावर सध्या खारूताई बसलेली असते, भोकात डोकं घालून बघते आणि निघून जाते.