निंबा पर्वतावर पाकोळ्या ओळखताना

पश्चिम आफ्रिकेतल्या निंबा पर्वताचं नाव काढलं की वटवाघळांची माहिती असणारे हटकून त्या नारिंगी वटवाघळाबद्दल विचारतात. २०१८ मध्ये ते गिनीच्या बाजूला, लोहखनिजासाठी खोदलेल्या जुन्या बोगद्यांत सापडलं आणि २०२१ मध्ये 'मायोटिस निंबाएन्सिस' असं त्याचं बारसं झालं. देखणं आहेच ते. पण माझा जीव अडकला तो त्याच डोंगरातल्या तपकिरी, अंगठ्याएवढ्या पाकोळ्यांत, म्हणजे चिमुकल्या वटवाघळांत.

मी लायबेरियाच्या बाजूला, येकेपाजवळच्या जंगलात एका सर्वेक्षणावर होते. रेबीजची लस घेऊनच गेले होते. अंधार पडायच्या आत ओढ्यावर बारीक दोऱ्याचं जाळं ताणायचं आणि दर थोड्या वेळानं बॅटरी घेऊन बघायचं. उशीर झाला तर पाकोळी इतकी गुंतते की सोडवताना पंखाला इजा होते. सुटली की कापडी पिशवीत घालायची, मग वजन आणि कॅलिपरनं कोपर ते मनगट मोजमाप. गाभण किंवा दूध पाजणारी मादी लगेच सोडायची.

पहिल्याच रात्री एक मादी आली. मोजमाप ३२ मिलिमीटर, रंग करडा-तपकिरी. पाऊस सुरू झाला होता, पिशव्या ताटकळत होत्या. मी वहीत 'नाना' लिहून मोकळी झाले. 'ॲफ्रोनिक्टेरिस नाना' म्हणजे आफ्रिकेत केळीत राहणारी चिमुकली पाकोळी. पंखाच्या पडद्याचा ३ मिलिमीटरचा गोल तुकडा अल्कोहोलच्या कुपीत टाकला (ते भोक काही आठवड्यांत भरून येतं) आणि तिला सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मानो जमातीच्या वाटाड्यांनी मला शेताच्या कडेला नेलं आणि केळीचा एक पोंगा दाखवला. आपल्याकडे परसात असतो तसाच, अजून न उलगडलेला. आत दोन पाकोळ्या चिकटून बसल्या होत्या. ही खरी नाना! अंगठ्याच्या बुडाशी जाडसर गादी, पोंग्याच्या गुळगुळीत पानाला धरून राहायला उपयोगी. कानाच्या तोंडाशी उभी असते ती छोटी पाळी, ट्रॅगस, कुऱ्हाडीच्या पात्यासारखी.

माझ्या पोटात गोळाच आला. पहिल्या रात्रीच्या मादीचा अंगठा मी पाहिलाच नव्हता.

कॅमेऱ्यात तिचे फोटो होते. अंगठा सडसडीत, गादी नाही. पंखाचा एक फोटो मी हेडलॅम्प मागे धरून काढला होता. बोटांच्या सांध्यांपाशी प्रकाश आरपार दिसत होता, म्हणजे तिथं अजून कूर्चा होती. पूर्ण वाढलेल्या वटवाघळात हे सांधे हाडाचे, गाठीसारखे दिसतात. ती छोट्या जातीची मादी नव्हतीच, मोठ्या जातीचं वाढतं पिल्लू होतं. मोजमाप बरोबर होतं, मी ते चुकीच्या वयाला लावलं होतं.

पण कोणत्या जातीचं? ते डोळ्यांनी सांगता येईना. या गटात कवटी आणि दात बघावे लागतात, नर असेल तर शिश्नातल्या इवल्याशा हाडाचा आकार. पिल्लू तर मी सोडून दिलेलं. उरली होती ती कुपी.

कुपीतल्या तुकड्यातून सायटोक्रोम-बी हे जात ओळखायला वापरलं जाणारं जनुक तपासलं, त्याचा निकाल यायला कित्येक महिने गेले. जुळणी लागली 'रोझव्हेअराय'शी. ही जात २०१३ मध्ये निंबाच्याच लायबेरियातल्या नमुन्यांवरून 'निओरोमिसिया' म्हणून वर्णिली गेली आणि २०२० मध्ये 'स्यूडोरोमिसिया' या नव्या प्रजातीत (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) गेली. त्यामुळे जुन्या याद्यांत तिच्या शास्त्रीय नावाचा पहिला भाग वेगळा सापडतो. नवशिक्यांनी दोन्ही नावं शोधावीत, निम्मा गोंधळ तिथंच असतो.

मी वहीतलं 'नाना' खोडलं नाही. त्यावर वाचता येईल अशी एक रेघ मारली, शेजारी नवं नाव, 'पिल्लू, मादी' आणि तारीख लिहिली, आणि तसंच पान सर्वेक्षणाच्या नोंदींसाठी पाठवलं.