तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच फ्यूगची इतकी रेकॉर्डिंग कशाला?

फ्यूग म्हणजे एकच चाल वेगवेगळ्या ओळी पाठोपाठ उचलतात आणि एकमेकींत गुंफतात अशी पाश्चात्त्य रचना. माझ्याकडच्या फ्यूगा जर्मन संगीतकार बाखच्या. गाण्यातलं कुणी घरी आलं की हा प्रश्न ठरलेला: "बाखची तीच फ्यूग इतक्या वेळा कशाला जमवलीस? वाजवणारा वेगळा, एवढंच ना?"

वाजवणारा वेगळा असतोच. पण ऑर्गनच्या बाबतीत ती गोष्ट मला दुय्यम वाटते. सतार खोक्यात घालून कुठेही नेता येते, ऑर्गन मात्र ज्या चर्चमध्ये उभा केला तिथलाच होऊन राहतो. त्यामुळे रेकॉर्डिंग बदललं की वाद्य बदलतं, आणि त्याच्याबरोबर इमारत, तिचा घुमारा, हवेचा दाब, सुरांची लावणी, सगळंच. मी ऐकते ते त्या वाद्याला. बाख ओघाने येतो.

आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातली पायपेटी आठवते, म्हणून एक खुलासा. पायपेटीत रीड असतात. मी म्हणते आहे तो पाइप ऑर्गन: भात्यांनी हवा भरायची आणि ती हजारो पाइपांतून सोडायची. काही पाइप पेन्सिलीएवढे, तर काही दोन-तीन मजले उंच.

आता ऑर्गन चर्च सोडत नाही म्हणाले खरं, पण माझा सगळ्यात लाडका ऑर्गन नेमका त्याला अपवाद आहे. उत्तर जर्मनीत समुद्राजवळ कॅपेल नावाचं खेडं आहे. तिथला ऑर्गन आर्प श्निटगर या ऑर्गन बांधणाऱ्या कारागिराने १६८० साली बांधला तो हॅम्बुर्गच्या सेंट योहानिस चर्चसाठी, तोही आधीच्या जुन्या ऑर्गनचे बरेचसे पाइप पुन्हा वापरून. नेपोलियनच्या काळात फ्रेंच सैन्याने त्या चर्चचं कोठार केलं आणि ऑर्गन उतरवला गेला. तिकडे कॅपेलचं चर्च जळालेलं, नवीन बांधलेल्या चर्चला ऑर्गन हवा होता. १८१६ मध्ये गावाने हा जुना माल विकत घेतला. पुढे श्रीमंत शहरांनी आपापले ऑर्गन त्या त्या काळाच्या आवडीप्रमाणे बदलून घेतले. कॅपेलचा मात्र फारसा हात न लागता राहिला. माझ्या मते खेड्याकडे पैसा नसणं वाद्यांच्या फार पथ्यावर पडतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन ऑर्गनवादक हेल्मुट वाल्खा तिथे आले. तरुणपणीच त्यांची दृष्टी गेली होती. रचनेतली एकेक ओळ कुणीतरी वेगळी वाजवून दाखवायचं, ती ते पाठ करायचे आणि मग सगळ्या ओळी मनातच एकत्र बांधायचे. १९४७ ते १९५२ या काळात आर्खिव्ह या कंपनीसाठी त्यांनी बाखचं ऑर्गनसंगीत वाजवलं, आधी ल्युबेकच्या सेंट याकोबी चर्चमधल्या छोट्या ऑर्गनवर आणि मग कॅपेलला. रेकॉर्डिंग मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचं आहे, आणि ते जाणवतं. तरी चार ओळींची फ्यूग ऐकताना मधली तिसरी ओळ कुठे चालली आहे हे मला इतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच ऐकू येतं. त्यात वाल्खांच्या पाठांतराचा वाटा आहेच, पण छोट्या चर्चचाही आहे. सूर निघतो, ऐकू येतो आणि पुढच्याला जागा करून देतो. प्रचंड कॅथीड्रलमध्ये टिपलेली फ्यूग भव्य वाटते हे कबूल. पण तिथे आधीच्या सुरांचा लोळ पुढच्यांवर येऊन पडत राहतो आणि मला तासाभरात कंटाळा येतो.

दुसरी गोष्ट पेटीवाल्यांसाठी. श्निटगरचाच मोठा ऑर्गन हॅम्बुर्गच्या सेंट याकोबी चर्चमध्ये आहे, १६९३ मध्ये पूर्ण झालेला, ६० स्टॉपचा (स्टॉप म्हणजे एका जातीच्या आवाजाच्या पाइपांचा संच). (१७२० मध्ये बाखने तिथल्या नोकरीसाठी प्रयत्न केला होता. जागा मिळाली ती चर्चला ४,००० मार्क देणाऱ्या हाइटमान नावाच्या गृहस्थाला. देणग्या तिकडेही चालायच्या!) या ऑर्गनचा 'ए' हा सूर आजच्या प्रमाणासारखा ४४० नव्हे, साधारण ४९५ हर्ट्झला लागतो. म्हणजे पांढरी दोन दाबली की जवळजवळ पांढरी तीन वाजते. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, कुणीतरी टेप जोरात फिरवली आहे.

आणि गंधार! पेटीचा गंधार चढा लागतो ही आपल्या गाणाऱ्यांची जुनी तक्रार. बोलोन्याच्या सान पेत्रोनिओ चर्चमध्ये दोन ऑर्गन समोरासमोर आहेत, एक १४७५ चा आणि दुसरा १५९६ चा. दोन्ही 'मीनटोन' पद्धतीने लावलेले. या लावणीत 'सी'वरचा 'ई' अगदी शुद्ध लागतो, तानपुऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारासारखा. लुइजी फेर्दिनांदो ताल्याविनी आणि लिउवे ताम्मिंगा या ऑर्गनवादकांनी या जोडीवर वाजवलेलं ऐका. साधा मेजर कॉर्डसुद्धा तंबोरा जुळल्यासारखा स्थिर उभा राहतो. किंमत दुसरीकडे मोजावी लागते. बारा सुरांतून फिरणाऱ्या पंचमांच्या वर्तुळातली एक जोडी इतकी बेसूर उरते की तिला 'लांडगा' म्हणतात. त्यामुळे बाखच्या कितीतरी रचना तिथे वाजवताच येणार नाहीत. सतराव्या शतकातला इटालियन संगीतकार फ्रेस्कोबाल्दी मात्र असल्या लावणीवरच खुलतो. समान अंतरांच्या आधुनिक लावणीवर त्याचे मुद्दाम घातलेले कडू स्वरमेळ पार मऊ पडतात.

"पण मागे खटखट येते त्याचं काय?" असंही विचारतात. ती पट्ट्यांची. पट्टी दाबली की लाकडी काड्यांची रांग ओढली जाते आणि पार वरच्या पाइपाखालची झडप उघडते. मोठा कॉर्ड एकदम लावला की भात्यातली हवा क्षणभर कमी पडते आणि सूर किंचित डुलतो. हे सगळं पुसून काढणारे रेकॉर्डिस्ट मला आवडत नाहीत. रेकॉर्डिंग करणाऱ्यांचे हाल मात्र कळतात. रहदारी टाळायला बऱ्याचदा रात्री बसायचं, त्यात तापमान बदललं की साध्या पाइपांचा सूर सरकतो आणि रीडचे पाइप (पाइप ऑर्गनमध्येही काही पाइपांना रीड असते) जवळजवळ जागच्या जागी राहतात. संध्याकाळी जुळलेलं वाद्य पहाटे परत जुळवावं लागतं.

सुरुवात कुठून करायची, तर कॅपेलच्या वाल्खांपासून. मग १९५६ मध्ये त्यांनीच नेदरलँड्समधल्या आल्कमारला वाजवलेली बाखची 'आर्ट ऑफ फ्यूग', ती स्टीरिओ आहे. बोलोन्या त्यानंतर. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र लावू नका. पायांनी वाजवायच्या पेडलच्या सोळा फुटी पाइपचा सर्वांत खालचा सूर जेमतेम ३२-३३ हर्ट्झचा, तो एवढ्याशा स्पीकरला झेपतच नाही. हेडफोन लावा, आणि शेजारी त्रास देणारे असतील तर खुशाल मोठे स्पीकर लावा.